मामाची हत्यारांची पेटी: ठेवायची, द्यायची की विकायची?

कातळशिल्प

मंडळी, एका निर्णयात अडकले आहे आणि घरात एकमत होत नाहीये, म्हणून हा धागा.

माझा मामा गेल्या वर्षी गेला. मामी आता मुलाकडे राहायला जातेय, जुनं घर रिकामं करायचंय. मामाची हत्यारांची भलीमोठी लाकडी पेटी तिने माझ्याकडे पाठवली. "लहानपणी तूच त्याच्या मागेमागे असायचीस, आता तूच बघ काय करायचं ते," एवढंच म्हणाली. मामेभावाला वाटतं सगळं एकगठ्ठा विकावं. त्याचंही बरोबर आहे, त्याच्याकडे जागा नाही आणि वापरणारं कोणी नाही. माझ्या मुलीला लाकडात काहीबाही करत बसायला फार आवडतं, तिचा हट्ट आहे की एकही वस्तू जाऊ द्यायची नाही. मी मधल्या मध्ये.

जेवढं ओळखता आलं तेवढं लिहिते. लोखंडी रंधे तीन: एक लांबलचक, एक मध्यम, एक आखूड. एक लाकडी रंधा आहे, त्याचं पातं इतकं घट्ट बसलंय की निघत नाही. चार करवती, त्यातल्या दोघींच्या मुठीला पितळी बिल्ले. पटाश्या भरपूर, पण निम्म्याहून जास्त अर्धगोल आणि नेहमीच्या पटाशीपेक्षा बऱ्याच लांब. हाताने फिरवायचं गिरमिट आणि कापडी गुंडाळीत त्याचे बिट. गुण्या, कंपास, कानशी, मोगऱ्या, छिन्न्या. आणि पोलादी मोजपट्ट्या.

त्यातल्या एका पट्टीने गोंधळात टाकलं. दिसायला उत्तम, आकडे नीट कोरलेले, पण दुसऱ्या पट्टीला लावून बघितली तर जुळतच नाही. बारा इंचाची खूण तब्बल तीन मिलिमीटर पुढे. सदोष माल असेल तर निदान ही एक वस्तू तरी निःशंकपणे टाकता येईल.

भंगारात काही जाऊ द्यायचं नाही एवढं मनाशी पक्कं आहे. बाकी काय ठेवावं, कोणाला द्यावं, गंज काढावा की नाही, विकायचं तर कशाला मोल आहे हे कसं कळावं, सगळंच विचारायचं आहे. जाणकारांनी सांगा.


रंधापटाशी

सगळ्यात आधी एक विनंती. अजून काहीही घासू नका. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, ड्रिलला लावायची चकती, काही नाही. हत्यारावरचे छाप उथळ असतात. करवतीच्या पात्यावर तर बनवणाऱ्याची अख्खी नक्षी कोरलेली असते आणि ती गंजाखाली झाकलेली असते. चकती फिरवली की दोन मिनिटांत ती कायमची जाते. मग वस्तू कोणाची, कधीची, हे कोणालाच सांगता येत नाही.

आत्ता करायचं ते एवढंच: पेटीतलं काहीही हलवायच्या आधी फोटो काढा. कुठल्या कप्प्यात काय होतं, कशाशेजारी काय ठेवलं होतं, हे सगळं दिसू द्या. कामाचा माणूस हत्यारं हाताला लागतील त्या क्रमाने ठेवतो, त्यावरून तो रोज काय करायचा ते कळतं. मग एकेक वस्तू काढून दोन्ही बाजूंचे फोटो. कोरलेली अक्षरं दिसायला फ्लॅश बंद करा आणि उजेड बाजूने तिरपा येऊ द्या.

आणि मामींशी फोनवर नको, शेजारी बसून बोला. एकेक वस्तू हातात देऊन विचारा.


चौकट

मामेभावाच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं. आठवण म्हणून ठेवलेली हत्यारं बहुतेक घरांत माळ्यावर जातात आणि तिथे दर पावसाळ्यात थोडी थोडी संपतात. पुढच्या पिढीच्या हाती येतो तो गंजाचा गोळा. ज्याला आज वापरायचंय त्याला आज विकलं तर ते हत्यार आणखी पन्नास वर्षं चालेल. विकणं म्हणजे अनादर, असं कृपया धरून चालू नका.


लोहभस्म

कातळशिल्प, ती न जुळणारी पट्टी कृपया बाजूला काढून ठेवा. तिच्या एका टोकाला किंवा मागच्या बाजूला 'श्रिंक' असे काही कोरले आहे का? सोबत एखादा अपूर्णांक? तसेच त्या लांब अर्धगोल पटाश्यांच्या धारेचा उतार कोणत्या बाजूला आहे, आतल्या खोलगट बाजूला की बाहेरच्या फुगीर बाजूला? उत्तर मिळाल्यावर सविस्तर लिहितो.


कातळशिल्प

लोहभस्म, तुम्हाला कसं कळलं? भिंगाने बघितलं, 'श्रिंक' आहे आणि पुढे १/८ टू फूट. शिवाय खालच्या खणात अशीच अजून एक पट्टी मिळाली, तिच्यावर ३/१६ आहे. पटाश्यांचा उतार आतल्या बाजूला आहे, बहुतेक सगळ्यांचा.


लोहभस्म

मग तुमचे मामा नुसते सुतार नव्हते. ते पॅटर्नमेकर होते, ओतशाळेसाठी लाकडी नमुने बनवणारे.

ओतकामात आधी हव्या त्या भागाचा लाकडी नमुना करतात. तो वाळूत दाबून पोकळी तयार करतात आणि तीत वितळलेला धातू ओततात. धातू घट्ट होऊन थंड होताना आक्रसतो, 'श्रिंक' म्हणजे तेच. ओतीव लोखंड फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण एक टक्का. पितळ त्याहून जास्त, फुटामागे सुमारे तीन सोळांश. पोलाद जवळजवळ पाव इंच. म्हणून नमुना तेवढाच मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला हा हिशेब करत बसले तर चूक ठरलेली. त्यावर तोडगा म्हणून पट्टीच ताणून बनवली गेली. तिच्यावरचा बारा इंच हा खरा बारा इंच आणि वर एक अष्टमांश असतो, म्हणजे तुम्ही मोजलेले तीन मिलिमीटर. कारागीर नकाशातले माप जसेच्या तसे त्या पट्टीने घेतो आणि वाढ आपोआप मिळते. तुमच्याकडची १/८ ची पट्टी ओतीव लोखंडाची, ३/१६ ची पितळेची.

पटाश्यांचेही तेच. नळ किंवा पंपाचे कवच यांसारख्या पोकळ भागासाठी वाळूचा गाभा लागतो आणि तो गाभा ज्या लाकडी पेटीत भरतात तिला आतून अर्धगोल खोबण कोरावी लागते. उतार आतल्या बाजूला असला की पटाशीची फुगीर पाठ खोबणीच्या भिंतीला टेकून सरळ चालते. लांबी जास्त, कारण खोलवर पोहोचायचे असते. या पटाश्या ठोकायच्या नसतात, हाताच्या दाबाने ढकलायच्या असतात. मुठींची टोके मोगरीने चेपलेली नसतील, बघा.

या वस्तू वेगवेगळ्या करू नका. पट्ट्या आणि अर्धगोल पटाश्या मिळून एका व्यवसायाचा संच होतो. आज बराचसा नमुना संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर किंवा त्रिमितीय छपाईने होतो, त्यामुळे हाताने नमुने करणारे कमी राहिले आहेत, पण आहेत.


उंबरठा

काय सुंदर प्रतिसाद. टाकून द्यायला निघालेली पट्टीच सगळ्यात जास्त बोलली.


कातळशिल्प

वाचून अंगावर काटा आला. मामा 'कारखान्यात लाकडाचं काम करतो' एवढंच आम्हाला माहीत होतं. मामीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हो, पंपाचे साचे करायचा. घरी फळीवर पेन्सिलने आकृत्या काढायचा." आणि मुठींची टोकं खरंच गुळगुळीत आहेत.


नवशिका_सुतार

बाकीच्या हत्यारांबद्दल मी थोडं लिहितो, नुकताच या सगळ्यातून गेलोय.

लोखंडी रंध्यांच्या पुढच्या भागावर आकडा असतो. ४ म्हणजे शेवटचा हात फिरवायचा आखूड रंधा, साधारण ९ इंच. ५ म्हणजे सगळ्या कामाचा, १४ इंच. ७ म्हणजे लांब फळीची कड सरळ करायचा, २२ इंच. ही आकड्यांची पद्धत लिओनार्ड बेली या रंधे बनवणाऱ्याच्या रचनेतून आली. स्टॅन्ली या हत्यारांच्या कंपनीने १८६९ मध्ये त्याचा धंदा विकत घेतला आणि नंतर इतर कारखान्यांनीही तेच आकडे उचलले. पात्याखालच्या बेचक्याच्या मागे, रंध्याच्या तळात पेटंटच्या तारखा ओतलेल्या असल्या तर काळ सांगता येतो. मार्च १९०२, ऑगस्ट १९०२ आणि एप्रिल १९१० अशा तिन्ही असतील तर तो साधारण १९१० ते १९१८ मधला. फक्त सुटे भाग अदलाबदल होत आलेत, तेव्हा एका खुणेवर विसंबू नका.

करवतीच्या बिल्ल्यावर डिस्टन असेल तर खालची ओळ वाचा. हेन्री डिस्टनने १८४० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला करवतींचा कारखाना सुरू केला. 'अँड सन' असेल तर १८६५ ते १८७१, 'अँड सन्स' असेल तर त्यानंतरची. बिल्ल्यावर नुसतं 'वॉरंटेड सुपीरियर' असेल तर तो कुठल्याच एका कारखान्याचा छाप नाही, दुय्यम दर्जाच्या किंवा दुकानदारांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या करवतींना तो सर्रास असायचा. तरी अशी करवत वाईट असतेच असं नाही.

पटाशीवर 'कास्ट स्टील' दिसलं तर ओतीव लोखंड समजून टाकू नका. ते मुशीत वितळवलेलं पोलाद. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या भागात बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात ती पद्धत बसवली आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षं धारेच्या हत्यारांना तेच पोलाद मानाचं होतं. धार फार छान घेतं.

गिरमिटाच्या बिटच्या शेपटावर आकडा असतो, तो सोळांश इंचात वाचायचा. ८ म्हणजे अर्धा इंच. धार लावताना बिटच्या टोकाच्या कापणाऱ्या कड्यांना बाहेरून कानस कधीच लावायची नाही, फक्त आतून. बाहेरून घासलं की भोकाचा व्यास बिटच्या अंगापेक्षा लहान होतो आणि बिट लाकडात अडकतो.


शेवगा

लाकडी रंध्याचं पातं निघत नाही म्हणालात. पातं धरून ठेवणारी लाकडी पाचर पकडीने ओढू नका, तिचे कान मोडतात. रंधा हातात धरून मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. लोखंडी हातोडी नको. धक्क्याने पाचर सैल होते. एका ठोक्यात नाही झालं तर धीर धरा, खूप वर्षांनी लाकूड फुगून बसलेलं असतं. कोरड्या खोलीत काही आठवडे ठेवलं तरी सुटतं.


कातळशिल्प

शेवगा, सुटली पाचर! मुलीनेच ठोकली. आत पात्याला जेमतेम गंज आहे, आणि पात्यावर धारेपासून थोडं वर एक बारीक रेघ दिसतेय, खाली उजळ, वर काळसर. तडा असेल का?


नवशिका_सुतार

तडा नाही. जुन्या पात्यात सगळं पोलाद महागात पडायचं म्हणून मऊ लोखंडाच्या पाठीला कडक पोलादाचा पातळ थर भट्टीत ठोकून जोडायचे. ती जोडरेघ आहे. चांगली खूण आहे ही. पातं जपा.


पाणथळ

गंजाचं आता सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त नासधूस होते.

लाल, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज काढायचा. काळा किंवा तपकिरी गुळगुळीत थर राहू द्यायचा, तो पोलादाला राखतो आणि संग्राहकालाही तोच हवा असतो. बहुतेक हत्यारांना तेल, बारीक स्टील वूल आणि मनगटाचा जोर एवढं पुरतं.

जास्त गंजलेल्याला सायट्रिक ॲसिड. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, काही तास, मधूनमधून बाहेर काढून ब्रश. रात्रभर विसरून ठेवू नका, पोलादावर करडा डाग पडतो आणि आम्ल खड्डे करतं. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, लगेच पुसा, गरम हवेने वाळवा आणि ताबडतोब तेल. पाच मिनिटं उशीर केला तरी नारिंगी झाक येते. स्प्रिंगा आणि करवतीची पाती आम्लात फार वेळ नकोतच. आम्लातून निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं.

विजेची पद्धतही आहे. धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर, गंजलेली वस्तू ऋण टोकाला आणि धन टोकाला साधी लोखंडी सळई. चालते छान, पण हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावरच करायची. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावायचं नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. घरात शिकाऊ मुलगी आहे म्हणून मुद्दाम ठसवून सांगतोय. हीच कारणं देऊन मी म्हणेन की तुम्ही ही पद्धत सोडूनच द्या.

मुठींना पॉलिश पेपर नको. ओल्या फडक्याने मळ काढा, मग जवसाचं उकळलेलं तेल एक हात. त्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल हवेशी संयोग पावतं, उष्णता साठते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.


रंधापटाशी

पाणथळला पूर्ण अनुमोदन. दोन गोष्टींची भर.

छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून कडेला छत्रीसारखं पसरलेलं असेल तर तशी वापरू नका आणि तशी कोणाला देऊही नका. त्या कडेचा तुकडा उडतो आणि डोळ्यात जातो. घासून कड गोल करून घ्या. आणि जुना रंग असलेल्या कशालाही कोरडं घासू नका, त्या काळच्या रंगांत शिसं असायचं.

ग्राइंडरवर धार लावायचा मोह झाला तर थोडं थांबा. जुन्या कार्बन पोलादाची कडा निळी झाली की तेवढा भाग मऊ पडला. सुमारे ३०० अंशालाच हे होतं आणि पातळ कडेला ते गाठायला क्षणही लागत नाही. दगडावर, पाणी किंवा तेल लावून, हाताने.


वाळवंटी

मला वेगळंच विचारायचंय. पेटी कायद्याने कोणाची? मामींनी पाठवली म्हणजे दिलीच का? मुलगा उद्या म्हणाला की त्यात माझाही वाटा होता, तर हत्यारांपेक्षा नातं मोलाचं आहे. विकायच्या आधी मामींकडून स्पष्ट होकार घ्या, आणि मामेभावाला कुठल्या वस्तूला काय मोल आहे ते आधीच सांगा. मागाहून कळलं की मन खट्टू होतं.


चौकट

वाळवंटींशी सहमत. त्याला एखादी वस्तू निवडायला सांगा, किमतीचा विषय न काढता. वडिलांच्या हाताची एक वस्तू घरात असली तर बाकीच्याबद्दल माणूस सैल होतो.


जुनं_ते

सगळं फोडायचंच का? अमेरिकेत हेन्री स्टडली नावाचा पियानो कारखान्यातला कारागीर होता. भिंतीवर टांगायच्या एका पेटीत त्याने सुमारे ३०० हत्यारं बसवली होती, प्रत्येकाला स्वतंत्र कोंदण. म्हातारपणी त्याने ती अख्खी मित्राला दिली. १९२५ मध्ये तो गेला. पेटी फुटली नाही, म्हणून आज लोक तिच्यासमोर थबकून उभे राहतात. संच म्हणून जे कळतं ते सुट्या वस्तूंतून कळत नाही.


लोहभस्म

'जुनं ते' यांचा मुद्दा मोलाचा आहे, पण तो नमुन्याच्या संचाला लागू करावा, सगळ्या पेटीला नाही. स्टडलीची पेटी हीच एक कलाकृती होती. इथे ७ क्रमांकाच्या रंध्याचे मामांच्या नमुनाकामाशी काही खास नाते नाही, तो कोणाही सुताराकडे असतो. पट्ट्या आणि आतल्या उताराच्या पटाश्या मात्र एकमेकींवाचून अर्धवट आहेत. मी रेघ तिथे ओढेन.


उंबरठा

संग्रहालयाचा पर्याय? अमेरिकेत डॉइल्सटाउनचं मर्सर संग्रहालय १९१६ मधलं, आणि त्याचा गाभाच हातकामाची हत्यारं. फ्रान्समध्ये त्र्वा इथे हत्यारांचं घर आहे, जपानमध्ये कोबेला ताकेनाका सुतारी हत्यार संग्रहालय १९८४ पासून आहे. मात्र संग्रहालयांना रंधा नको असतो, तो त्यांच्याकडे डझनांनी असतो. त्यांना हवी असते वस्तूमागची हकिगत: कोणी, कुठे, कशासाठी वापरली. तुमच्याकडे ती आहे. मामींनी सांगितलेलं लिहून ठेवा, आकृत्यांच्या फळ्या शिल्लक असतील तर त्याही बाजूला काढा. आणि पार्सल न्यायच्या आधी विचारा. न विचारता दिलेली वस्तू गोदामातच राहते.


शेवगा

हत्यारं उसनी देणारी ग्रंथालयंही असतात. अमेरिकेत बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांसारखी हत्यारं नेता येतात, १९७९ पासून. दुरुस्ती कॅफे, म्हणजे लोक मोडक्या वस्तू घेऊन येतात आणि स्वयंसेवकांच्या मदतीने दुरुस्त करतात अशी ठिकाणं, २००९ मध्ये ॲम्स्टरडॅमला सुरू झाले आणि नंतर जगभर पसरले, तिथे स्वयंसेवकांना चांगल्या हातहत्यारांची गरज असते. सुतारकाम शिकवणाऱ्या संस्था आहेतच. कुठेही द्या, धार लावून द्या. बोथट पटाशी नवख्याच्या हातात गेली की त्याला वाटतं चूक त्याचीच आहे, आणि जोर लावताना निसटून हात कापतो तो वेगळाच.


पाणथळ

कोणाला परदेशी पाठवायचं ठरलंच तर एक लक्षात असू द्या. जुन्या रंध्यांच्या मुठी पुष्कळदा ब्राझिलियन रोझवुडच्या असतात. ते लाकूड १९९२ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, आणि २०१७ च्या सुरुवातीपासून शिसवीसकट त्या वंशातल्या सगळ्या जातींवर सीमापार नियम लागू आहेत. पाठवायच्या आधी चौकशी करा.


कातळशिल्प

मंडळी, सगळ्यांचे आभार. बरंच ठरलं, लिहिते.

मामीशेजारी बसून पेटी उपसली. तिने एकेक हातात घेऊन सांगितलं आणि मुलीने वहीत लिहून घेतलं. तेव्हाच मामाच्या हाताखाली शिकलेल्या एका गृहस्थांचं नाव निघालं. ते अजून लाकडी नमुने करतात, जुन्या यंत्रांचे सुटे भाग ओतायचे असतील तर त्यांच्याकडे काम येतं. पट्ट्या आणि सगळ्या लांब अर्धगोल पटाश्या त्यांना द्यायच्या, संच न फोडता. मामी लगेच म्हणाली, "त्याला दे, त्याने त्या हाताळलेल्या आहेत." मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. मुलगी रुसली होती, पण त्यांनी तिला कामाच्या जागी बोलावलंय, नमुना कसा करतात ते दाखवणार आहेत. एक अर्धगोल पटाशी आग्रहाने तिच्यासाठी परत केली.

मामेभावाने गुण्या निवडला. मला वाटलं होतं चांगला रंधा घेईल. त्याला आठवत होतं की गुण्या खरा आहे का ते मामाने त्याच्याकडून तपासून घेतलं होतं: फळीच्या कडेला लावून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी पुन्हा मारायची, दोन्ही रेघा एक झाल्या तर काटकोन बरोबर. फोनवर सांगताना त्याचा आवाज बदलला होता. विकण्याबद्दल तो नंतर काही बोलला नाही, पण मी मुद्दाम विषय काढला, कारण लांब रंधा आणि दोन करवती आम्हाला खरंच नको आहेत. त्या विकायच्या आणि पैसे मामीकडे द्यायचे. तिचाही होकार आहे.

घरी ठेवणार: ५ चा रंधा, आखूड रंधा, एक आडवी कापणारी आणि एक चिरणारी करवत, सरळ पटाश्या, मोगरी, गिरमिट. हे मुलगी वापरेल, वापरायला लागलीसुद्धा. लाकडी रंध्याचं आणि कानशींच्या ढिगाचं अजून ठरलेलं नाही.

दोन प्रश्न उरलेत. रिकामी पेटी ओकची आहे, हत्यारं परत तिच्यातच ठेवावीत का? आणि त्या एका अर्धगोल पटाशीला आतून धार लावायची कशी?


पाणथळ

ओकमध्ये टॅनिन आणि ॲसेटिक आम्लाची वाफ असते, दमट हवेत तिने पोलाद गंजतं. तरी पेटी सोडू नका. खणांत गंजरोधक कागद घाला, हत्यारांना हलकं तेल, आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या अधूनमधून गरम करून वाळवून परत ठेवा. करवतीचे दात एकमेकांना लागू देऊ नका. रोज वापरली जाणारी हत्यारं भिंतीवर राहिली तर उत्तमच, हात लागत राहिला की गंज लवकर लक्षात येतो.

कानशी बोथट असल्या तरी टाकू नका. कार्बन पोलादाच्या असल्या तर त्यापासून छोटी पाती करणारे लोहार असतात, आनंदाने नेतात.


लोहभस्म

निर्णय उत्तम झाला.

पटाशीसाठी शंकूच्या आकाराचा किंवा गोल कडेचा धारेचा दगड लागतो. त्याची गोलाई पटाशीच्या आतल्या गोलाईपेक्षा किंचित लहान असावी. मोठी असेल तर दोन्ही कोपरे आधी झिजतात आणि मधली धार तशीच राहते. पटाशी स्थिर धरायची आणि दगड उताराला टेकवून पुढे-मागे फिरवायचा, पटाशी दगडावर फिरवायची नाही. पाठीच्या बाजूने कडेला बारीक बूर, म्हणजे धातूची उलटलेली खरखरीत कड, जाणवली की थांबायचे. मग फुगीर पाठ सपाट दगडावर पूर्ण टेकवून, उचलू न देता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कलती फिरवत ती बूर काढायची. पाठीला उतार पडला तर ही पटाशी सरळ चालणार नाही, त्यामुळे तिथे घाई नको. शेवटी चामड्यावर दोन्ही बाजू. मऊ, सरळ रेषांच्या लाकडाच्या आडव्या तोंडावर, म्हणजे रेषा जिथे आडव्या कापल्या गेल्या आहेत त्या टोकावर, कापून बघा. पृष्ठभाग चकचकीत निघाला तर धार बसली, पांढुरका फाटका निघाला तर पुन्हा दगडावर.

मुलीला पहिल्यांदा जमेलच असे नाही. अडले तर धारेचा जवळून फोटो इथे टाका, मी बघतो.